नागपूरचा खुबा अन् चिचगडचा खुबा

राम राम गा सगळ्याइले. नातीनं मोबाईलवर लिहाले शिकवलं, मोठी गुणाची पोरगी, म्हणून लिहून राहिली.

आज गोंदियाकडल्या चिचगडले मोठ्या बहिणीले, सरूबाईले, पाहाले गेली होती. धानाच्या रोवण्याच्या दिवसात वावराच्या धुऱ्यावरून घसरली, खुबा मोडला, तवापासून खाटेवरच हाय. म्हाताऱ्यांचं फुकट इलाजाचं सरकारी कार्ड हाय तिच्यापाशी. पण ते ऑपरेशन इकडं होत नाही, नागपूरले न्या म्हणते डॉक्टर. तिथं तिच्यासंग राहाले कोणी नाही.

माझी नागपूरची विहीण तिच्याच वयाची, कार्डबी तेच. तिचाबी खुबा मोडला, पण आठ दिवसांत ऑपरेशन झालं. आता नातवाले घेऊन अंगणात फिरते. पाहून मन हरखते, खोटं कायले बोलू?

सरूबाईनं कार्ड देवापाशी ठेवलं, हळदकुंकू लावून. फोटोतलं तोंडच दिसत नाही. मी रागावली, "अवं, हे का पूजा कराले दिलं का?"

"मंग काय करू, शांते? इथं त्याचा दुसरा उपयोग सांग."

मी तिची वेणी घातली अन् बस धरली.

सरकारनं विहिणीवर खर्च केला, सरूबाईवर काऊन नाही? गोंदियाकडं हे ऑपरेशन कार्डावर कुठं होत असन तर सांगा गा. तिले अजून चालाचं हाय.