काड्यांचा भारा घेऊन सातपुड्यात

आमच्या गच्चीवर तंबू उभा राहिला तेव्हा शेजारच्या काकूंना वाटलं, मी पापड वाळवायला नवीन काहीतरी आणलं. त्या जिना चढून वर आल्या, तंबूभोवती एक चक्कर मारली आणि आतून माझ्या नवऱ्याचे दोन पाय बाहेर आलेले पाहून आल्या पावली खाली गेल्या. मी त्यांना दोष देत नाही. भूगोलाचा निवृत्त शिक्षक भर दुपारी स्वतःच्या गच्चीवर तंबूत झोपून छताकडे बघत पडलेला दिसला, तर कोणीही खालीच जाईल.

मुलीने पुण्याहून तो तंबू पाठवला होता. आमचे हे त्याची घडी घालायला शिकत होते. उघडायला सोपा, मिटायला महाकठीण असा तो प्रकार होता. "अहो, पिशवीत जात नसेल तर असाच गाडीच्या टपावर बांधू," मी म्हणाले. त्यावर त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं.

त्यांना सातपुडा बघायचा होता. हे ऐकून जळगावातलं कोणीही हसेल. यावल तालुक्यात यांचं लहानपण गेलं. केळीच्या बागेत उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा आहेच. पुढे आयुष्यभर त्यांनी फळ्यावर तोच डोंगर खडूने काढला. शाळेच्या सहली घेऊन तोरणमाळलाही कितीदा गेले. पण सहलीला गेलेला मास्तर डोंगर बघत नाही, पोरांची डोकी मोजतो. "मी वर गेलो आणि खाली आलो," ते म्हणायचे, "मधे काय होतं ते पोरांना विचार."

मग मागच्या पावसाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं हळूहळू जातं, मधलं बरेच दिवस राहतं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब घालून जपायचं. गाडी दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, हळू चालवा, आणि तेही फार दिवस धरून चालू नका, असं त्यांनी नीट समजावलं. घरी आल्यावर यांनी मला हे सगळं पाणी उद्या येणार नाही अशा सुरात सांगितलं आणि चहा मागितला. मी चहा टाकला आणि ओट्याशी उभी राहून रडले. तेव्हापासून त्यांच्या डाव्या हाताला कप ठेवायचं मी बंद केलं. तो दर वेळी सांडायचा.

तर बघायचा होता तो डोंगर, आणि दिसतोय तोवर बघायचा होता. स्वतः गाडी चालवत जायचं, वर तलावाकाठी पाड्यावरच्या लोकांना विचारून तंबू ठोकायचा, सकाळी उठून नुसतं बघत बसायचं. अट एकच होती. डोळ्यांचं कोणालाही सांगायचं नाही. "एकदा बिचारा झालो की संपलं," ते म्हणाले. "मग लोक माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याविषयी बोलतात."

गाडी मीही चालवते. पण जळगावात मी चालवत असताना शेजारी बसलेले हे स्वतःच्या पायाखालचा नसलेला ब्रेक दाबत असतात. रिक्षा दिसली, दाब. गाय दिसली, दाब. बाजारातून घरी येईपर्यंत त्यांच्या पोटरीत गोळा येतो. त्यामुळे डोंगरात गाडी मी चालवावी असं मी सुचवलंसुद्धा नाही.

खरी अडचण रस्त्याची होती, आणि तो खराब होता म्हणून नव्हे. जळगावहून विदगावच्या पुलावरून तापी ओलांडायची, चोपडा, तिथून डोंगराच्या कडेकडेने शिरपूर, मग बोराडी, शहादा आणि वर तोरणमाळ. मोबाइलवर ही एक निळी रेघ दिसते. आमच्या दृष्टीने मात्र ती नातेवाइकांची रांग आहे. चोपड्याजवळ यांची मोठी बहीण, आमच्या अक्का. शिरपुरात मामेसासरे. बोराडीला यांचा जुना विद्यार्थी, आता तो स्वतः मास्तर आहे. आमच्याकडे माणसाच्या दारावरून गाडी पुढे नेणं हे भांडण करण्यापेक्षा वाईट समजतात. भांडण मिटतं. दारावरून गेलेली गाडी नातवंडांना सांगितली जाते. आणि थांबलं की नुसता चहा नसतो. शेवभाजी असते, मग 'जरा पडा', मग ऊन उतरतं. ज्याला अंधारात गाडी चालवता येत नाही त्याने हे उन्हाचे तास कुठून आणायचे?

म्हणून आमचे हे प्रेक्षणीय स्थळं सोडून नातेवाईक कसे चुकवायचे याचा नकाशा करू लागले. चोपड्याचा बाजार टाळून मागून कसं जाता येईल, शिरपूरला मामांची दुपारची झोप कधी असते, असा सगळा अभ्यास. "अहो, आपण डोंगर बघायला चाललोय की दरोडा घालायला?" मी विचारलं. ते हसले. पण त्यांचा बेत खरंच चोख होता. कोणाला कानोकान खबर लागली नसती.

घात केला तो वांग्याच्या भरताने.

मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळी वर भरीत करायचं हे ठरलेलं होतं. बामणोदची वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि थंडी. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. पण वांगी भाजायला कपाशीच्या काड्याच लागतात, यावर हे अडून बसले. "आपण जंगलात चाललोय," मी म्हणाले, "तिथे लाकूड नसेल का?" जंगलातलं लाकूड तोडायचं नाही हे त्यांचं पहिलं उत्तर, आणि दुसऱ्या कशावर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणत नाहीत हे दुसरं. आता जळगावच्या आमच्या गल्लीत कपाशीच्या काड्या कुठून आणायच्या? मी बाजारात गेले असताना या माणसाने, ज्याने महिनाभर नकाशे काढून गुपित सांभाळलं होतं, सरळ अक्कांच्या घरी फोन लावला. त्यांच्या शेतात काड्या उपटून पडलेल्या असतात ना!

मी आले तेव्हा फोन चालूच होता आणि अक्कांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. "काड्या कसाले पाहिजेत रे भाऊ? जळगावमा शेती लिधी का तू?"

खोटं बोलणं यांना मुळात जमत नाही. दोन वाक्यांत तंबू बाहेर आला, तिसऱ्यात तोरणमाळ. मग फोनवर जे झालं ते मी ऐकलंच. "मना दारावरथून जाशात आनि पानी बी नही पेशात? लोके काय म्हनतीन?"

दुसऱ्या दिवसापासून आमचा फोन थांबेना. मामेसासऱ्यांनी विचारलं, तिखट किती खाता. बोराडीच्या मास्तरांनी सांगितलं, गुरुजी, अंगण सारवून ठेवलंय. कोणाची तरी व्याहीण शहाद्याची निघाली, तिनेही वाट बघते म्हणून निरोप धाडला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण मी आयुष्यात पहिल्यांदा शब्दशः भोगत होते. तंबू पिशवीत नीट बसायला लागला होता, तो यांनी कपाटावर टाकून दिला. "राहू दे," म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी. मला त्या दोन शब्दांचा असा राग आला की काय सांगू.

आणि अशात अक्का स्वतःच येऊन थडकल्या. एसटीने, डोक्यावर पदर, सोबत कपाशीच्या काड्यांचा भारा. कंडक्टर भारा चढवू देईना म्हणून त्याच्याशी भांडून, जिंकून आल्या होत्या. हे दवाखान्यात थेंबांची बाटली आणायला गेले होते. मी भारा अंगणात टाकला, अक्कांना पाणी दिलं, आणि मग माझा तोल सुटला.

"अक्का, तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं जाणं बंद पाडलं," मी म्हणाले. "जेवणं घालता, झोपा काढायला लावता. त्यांना उजेड कमी पडतो हो!" बोलून गेले आणि जीभ चावली. अट मोडली होती.

अक्का शांतपणे पाणी प्यायल्या. तांब्या खाली ठेवला.

"माले ठाऊक शे, वहिनी."

मी त्यांच्यासमोर बसले.

"भाऊबीजले मी ओवाळं त्याले. ओवाळनी टाकाले गया, ती नोट ताटना बाहेर पडनी. त्याले समजनं बी नही. मी उचली आनि ताटमा ठेई दिधी." त्यांनी पदराने तोंड पुसलं, डोळेही त्यातच पुसले. "आम्हना बापले बी असंच व्हतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला माझीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. ते सगळे फोन अक्कांनीच करवले होते. चोपडा, शिरपूर, बोराडी, शहादा. एका दिवसात एकच टप्पा, सकाळच्या उन्हात. "मी कोनले डोयानं सांगं नही. बठ्ठासले इतलंच सांगं, भाऊ पह्यलांदाच इतला लांब चालना, ऊन उतराना आधी त्याले थांबाडी ल्या. तंबू आंगनमा ठोका. आभाय तेच शे ना?"

ज्या रांगेला आम्ही चोरासारखे चुकवत होतो, तिच्यातली एकेक ओसरी अक्कांनी त्यांच्या मुक्कामासाठी मोकळी करून घेतली होती. मी त्यांच्या गळ्यातच पडले. त्या माझ्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "त्याले सांगू नको मी सांगं म्हनून."

संध्याकाळी मी नवा बेत यांच्यापुढे ठेवला. माझाच आहे असं सांगून. मला वाटलं, वाद घालतील, निदान अंगणातल्या तंबूवर तरी घालतील. ते लगेच उठले. स्टूलवर चढून कपाटावरचा तंबू काढला आणि धूळ झटकली. इतक्या सहज मानले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

निघायच्या सकाळी टपावर काड्यांचा भारा बांधला. गल्लीतले लोक बघत होते. पहिला मुक्काम अक्कांकडेच, म्हणून त्याही मागच्या सीटवर बसून येणार होत्या. त्यांनी गाडीपुढे नारळ फोडला, यांच्या हातावर दही घातलं. दही घालताना त्यांनी यांचं मनगट धरलं, तळवा नीट आपल्यापुढे आणला, आणि मग चमचा टेकवला. यांनी दही खाल्लं. वाकून बहिणीच्या पाया पडले. आणि उठता उठता, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"अक्का, खरं सांग. दिवाळीत ओवाळणी ताटात पडली नव्हती ना?"

मी गाडीचं दार धरून उभी होते. अक्कांनी क्षणभरही थांबून विचार केला नाही.

"काय बोलस भाऊ! ताटमाच पडनी व्हती."

ते अक्कांकडे बघत राहिले. सरळ, समोर, जिथलं त्यांना अजून स्वच्छ दिसतं. मग मान हलवली, जणू आपली शंका फिटली. एक खोटं बोलली, दुसऱ्याने ते पटल्याचं दाखवलं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. मला रडू येत होतं आणि हसूही.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"सगळं तूच चालव. घाटसुद्धा. चालवणारा रस्ता बघतो," ते म्हणाले. "मला डोंगर बघायचाय."

आम्ही निघालो. मागे अक्का लगेच पेंगल्या. जळगाव संपलं, केळीच्या बागा सुरू झाल्या, आणि विदगावच्या पुलाजवळ समोर सातपुडा दिसायला लागला, सकाळच्या उन्हात फिकट निळा. तेवढ्यात केळीचा एक ट्रक अचानक आडवा आला. मी कचकन ब्रेक दाबला. टपावरच्या काड्या खडखडल्या, अक्का दचकून उठल्या.

शेजारी यांचा पाय जागचा हलला नाही. ते समोर डोंगराकडे बघत होते.