चपला बांधावर

"चपला बांधावर."

पहिल्या भेटीत ते मला एवढंच म्हणाले. मी जमीन मोजायला गेलेला सरकारी मोजणीदार, कसबा पेठेत वाढलेला. शेत म्हणजे माझ्या लेखी नकाशावरचा गट नंबर. अनवाणी ढेकळांतून चालताना माझे हाल झाले. म्हातारबुवा मिशीत हसत राहिले.

शहरानं गिळलेल्या त्या गावात त्यांचं दीड एकर तेवढं हिरवं उरलं होतं. चारी बाजूंनी इमारती, मध्ये आंबे, विहीर आणि मेथीचे वाफे.

बिल्डर यायचे. एकानं गाडीतून उतरत विचारलं, "बाबा, किंमत तुम्हीच सांगा."

"आदी ह्या गाडीची सांगा. न्हाई ना इकायची? मग झालं."

एकदा झाडांची नोंद करायला कॉलेजच्या मुली आल्या. एक म्हणाली, "आजोबा, झाडं सगळ्यांची असतात."

"सगळ्यांची मंजी कुनाचीच न्हाई. उन्हाळ्यात पानी घालाया सगळे येत्यात का?" असं म्हणून त्यांनी प्रत्येकीच्या ओंजळीत कैऱ्या घातल्या.

तुम्हीही असा हेकट माणूस पाहिला असेल. वाद घालावा, तर तो बरोबर निघण्याची भीती वाटते.

पुढे महापालिकेच्या नव्या आराखड्यात त्या दीड एकरावर सार्वजनिक बागेचं आरक्षण पडलं. सुनावणीला ते धुवट सदरा घालून आले. "साहेब, बाग हायच की. मी राखतोय. तुमी निस्तं बघाया या." साहेब वाईट नव्हते. त्यांनी पुढची फाईल ओढली.

हद्दीचे दगड रोवायला मलाच पाठवलं. मी सवयीनं चपला काढू लागलो.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आता माजं काय हाय त्यात?"

कुंपण झालं, पाटी लागली. बाग काही झाली नाही. दोन उन्हाळ्यांत आंबे वाळले, विहीर राडारोड्यानं भरली.

ते कोथरूडला लेकीकडे राहू लागले. मी भेटायला गेलो, तर गॅलरीत रिकाम्या कुंड्या. म्हटलं, "लावा की काहीतरी."

"घर जावयाचं हाय. दुसऱ्याच्या जागेत हात घालू नये."

"दादा, आम्ही कधी नको म्हटलंय का?" आतून लेक म्हणाली.

ते पौषात गेले. शेवटचे काही महिने ते गॅलरीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत, असं लेकीनं सांगितलं.