आईच्या पावलांचे ठसे

मेल्यावर घेतलेले पावलांचे ठसे वाकडे उठतात, असं आईचं ठाम मत. वडिलांचे तसेच उठले होते. तेव्हा माझे जिवंतपणीच घे, अशी तिने महिनाभर भुणभुण लावली होती. दिवसभर शाळेत पोरांवर ओरडून यायचं आणि घरी हे अभद्र ऐकायचं! शेवटी एका रविवारी दुपारी, सिल्वासाला आमली भागातल्या आमच्या दोन खोल्यांत, मी परातीत कुंकू कालवलं आणि पांढरं कापड अंथरलं.

वडील गेल्यापासून तिने कुंकवाला हात लावला नव्हता. परातीत पाय ठेवताना म्हणाली, "कपाळाला नको म्हणतात. पायांना कोण विचारतंय?" आणि हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

ठसे सुरेख उठले. फक्त डाव्या टाचेपाशी एक डाग जास्त गडद होता, ओलसर, हळूहळू पसरणारा. कुंकू पातळ झालं असणार, असं मी ठरवून टाकलं आणि कापसाने टिपून घेतलं. पाय धुवायला मात्र तिने साफ नकार दिला. "राहू दे ग चार दिवस लाल." तिला मधुमेह होता, तळव्यांना काही कळत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी तिची टाच उलटून बघितली नाही. पुढचे काही दिवस फरशीवर एकाच टाचेचे लाल ठिपके दिसायचे. मी वैतागून पुसायची.

आठवड्याने कापड फ्रेमवाल्याकडे नेलं. तो खानदेशातला. त्याने ते उजेडात धरलं. बाकीचं कुंकू लालच होतं, टाचेचा डाग तपकिरी पडला होता.

"ताई, हाई कुकू नही शे. रगत शे."

कापड तिथेच टाकून मी घरी धावले. आईचा पाय मांडीवर घेतला. टाच मऊ लागली आणि वास आला.

"जखम किती दिवसांची आहे?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"कालच काहीतरी लागलं," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "हिला मी सांगितलंच नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, पण मान हलवली.

दोन दिवसांनी पाय घोट्याच्या वर कापावा लागला. भूल उतरल्यावर आईने माझा हात चाचपला आणि विचारलं, "डॉक्टर तुला काही बोलले नाहीत ना?"