बाकासमोरचा तोंडी अर्ज
पितळ उजळण्याच्या लेपाचा उग्र वास आला की मला एडिनबरा आठवते. आम्ही राहतो त्या लेस्टरमध्ये आपल्या माणसांची कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, जाणारी निवेदने मीच लिहून देतो. त्यामुळे एडिनबरा ही पुरातन राजधानी शनिवार-रविवारी पायी पाहण्याचा कार्यक्रमही मी कलमवार लिहून काढला होता. रविवारी दुपारी किल्ल्याखालच्या बागेत सौभाग्यवती लंगडू लागल्या. मी बाक दाखवला, परंतु त्याच्या पाठीवरील पितळी पट्टीवर एका दिवंगत बाईंचे नाव आहे, हे मी वाचून दाखवताच त्या मागे सरल्या. “अहो, मेलेल्या बाईच्या नावाला टेकून बसू?” “अगं, थकल्याभागल्यांनी बसावं म्हणूनच ठेवलाय तो.” “तिची परवानगी घेतलीत? उठताबसता अर्ज लिहिता ना, मग करा की एक!” टाचेला फोड आलेला, तरी त्या उभ्याच. अखेर मी टोपी काढून बाकासमोर तोंडी अर्ज सादर केला, “रिस्पेक्टेड मॅडम, माय वाइफ इज टायर्ड. काइंडली परमिट.” मागे कोणीतरी हसले. फडके आणि लेपाची डबी घेऊन एक गोऱ्या आजी उभ्या होत्या. “शी वॉज माय सिस्टर,” त्या म्हणाल्या, “सिट डाउन, डिअर.” सौभाग्यवती बसल्या, आणि मागे वळून, आजींच्या हातातले फडके घेऊन, घरचे देव घासावेत तशी त्यांनी ती पट्टी घासली. किल्ला पाहायचा राहिलाच. मी लिहिलेल्या अर्जांची उत्तरे आजही इतरांच्या दारी जातात. आजींचे ते एकच उत्तर माझ्या स्वतःच्या वाट्याला आले.