नदीत गप्प होणारा ट्रक

इंजिन बंद होतं. चावी माझ्या खिशात होती. मी ट्रकचं पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. टायर जमिनीपासून सुटला आणि धाडकन आवाज करून ते चाक आपोआप अर्धा फेरा फिरलं. ड्रायव्हर रमणभाई हातातला चहा तसाच ठेवून शेडबाहेर गेला. मीही दोन पावलं मागे सरलो, खोटं कशाला सांगू.

ट्रक एका सर्व्हे कंपनीचा, फोर-व्हील ड्राइव्ह. म्हणजे डांबरी रस्त्यावर तो मागच्या चाकांच्या जोरावर चालतो. चिखलात, वाळूत एक दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावतात. आमच्या मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये तो आठवडाभर पडून होता. तक्रार एकच, पुढून ठक्क-ठक्क वाजतं. मी स्प्रिंगचे बुश बदलले, शॉक अब्सॉर्बर बदलले, बेअरिंग उघडून पाहिली. रोज चक्कर मारून आणायचो. आवाज तसाच.

रमणभाईचं निदान तयार होतं. "साहेब, ए ईश्वरभाई छे, हा तोच. तरसालीच्या वळणावर ठोकतो, पादऱ्याच्या रस्त्यावर ठोकतो. नदीत उतरलो की एकदम गप्प. त्याला तिथेच राहायचंय."

ईश्वरभाई या ट्रकचा आधीचा ड्रायव्हर. मही नदीच्या पात्रात ट्रक रुतला, वरून पाणी आलं आणि तो निघू शकला नाही. फोर-व्हील लावायला उशीर केला, असं लोक म्हणत. नंतर ट्रक बाहेर काढून, धुऊन पुन्हा कामाला लावला होता.

तेवढ्यात कंपनीचे मॅनेजर मेहतासाहेब आले. "उद्या सकाळी गाडी महीवर पाहिजे. रमणला भूत दिसत असेल तर दुसरा ड्रायव्हर बघतो."

रमणभाई खाली मान घालून उभा राहिला. घरात कमावणारा तो एकटाच.

भूत मला पटत नव्हतं. पण 'नदीत गप्प' हे मनात रुतून बसलं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर-व्हील लावलेलं असेल तर पुढचं आणि मागचं एकमेकांना बांधलेलं असतं. मग तो फरक चाकांना जोर पोचवणाऱ्या शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो. वाळूत टायर घसरतो, पीळ सुटतो. डांबरावर तो सुटत नाही, सांधे ठोकत राहतात. मघाशी चाक उचललं तेव्हा तोच सुटला होता.

"रमणभाई, फोर-व्हील काढता कधी?"

"कधीच नाही. तो दांडा कांताबेननी बांधलाय ने."

कांताबेन म्हणजे ईश्वरभाईची बायको. दसऱ्याच्या वाहनपूजेला त्यांनी तो दांडा फोर-व्हीलमध्ये टाकून लाल नाडाछडीने, पूजेच्या धाग्याने, सीटच्या पायाला बांधला होता. पुन्हा कुणाला उशीर होऊ नये म्हणून. धागा मी रोज पाहत होतो. देवाचं काहीतरी, म्हणून हात लावला नव्हता.

"तुम्ही कापा," रमणभाई म्हणाला. मी कात्री घेतली, पण माझाही हात होईना. शेवटी मेहतासाहेबांनी गाडी पाठवून कांताबेनना आणलं. मी सगळं समजावलं. मग त्यांनी विचारलं,

"भाई, त्या दिवशी त्यांनी दांडा लावला नव्हता का?"

"मला माहीत नाही, बेन."

त्या केबिनमध्ये चढल्या. गाठ सोडायला बराच वेळ लागला. दांडाही त्यांनीच फोर-व्हीलमधून काढला. चाक अजून हवेत होतं, शाफ्टमध्ये पीळ उरला नव्हता. तरी खालून एकदा ठक्क झालं. ते का झालं, मला आजही सांगता येत नाही. कांताबेन तिथेच बसून रडल्या.

मग शाफ्ट उतरवला. त्याच्या सांध्यातल्या क्रॉसच्या बेअरिंगची भुकटी झाली होती. आणखी एखादी फेरी, आणि शाफ्ट तुटून पडला असता. पाण्यात तुटता तर रमणभाईही परत आला नसता. नवा क्रॉस बसवला, सकाळी रमणभाई ट्रक घेऊन निघाला. आवाज नव्हता.

आठवडाभर मी त्या ट्रकच्या नटानटाला पाना लावला. जो दांडा तपासायचा, त्याला रोज केबिनमध्ये चढताना नमस्कार करत होतो.