दरबारी शेला

किड्याचं नुसतं नाव काढलं तरी यशोधराबाई जगदाळ्यांच्या अंगावर काटा यायचा. दिव्यावरचं पाखरू वरणात पडलं, तर त्या पातेलंच्या पातेलं नालीत ओतत आणि दिवसभर थू थू करत फिरत.

संस्थानी दरबार जाऊन मध्यभारत राज्य झालं, तरी आजेसासऱ्यांना दरबारातून मिळालेला शेला त्या दरसाल महालक्ष्म्यांना पांघरवत. त्यावरच्या हिरव्यागार टिकल्या जरा हलल्या की निळ्या, तांबूस, सोनेरी चमकत. एखादी गळालीच, तर देवीचा प्रसाद म्हणून मेण लावून यशोधराबाई ती स्वतःच्या कपाळावर चिकटवत.

त्या वर्षी नवी सून शशिकला, कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली, शेला निरखत म्हणाली, "आईसाहेब, या टिकल्या नाहीत. भुंग्यांचे पंख कापून शिवलेत."

यशोधराबाईंचा हात कपाळावर गेला. "छी! मेलेले किडे मिरवले मी!" टिकली ओरबाडून फेकली, राखेनं कपाळ घासघासून लाल केलं, डोक्यावरून आंघोळ केली. शेवटी चुलीचा चिमटा आणून, तोंड फिरवून, शेला लांब धरून त्या फेकायला बाहेर निघाल्या.

ओट्यावर शेजारच्या प्रेमलताबाई होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "फेकताय काय जी? आम्हाला द्या. भुंग्यांचे का असेनात, झगमगतात तर!"

चिमटा खाली पडला. यशोधराबाईंनी शेला उराशी कवटाळला.

"खबरदार हात लावाल तर! किडे असले म्हणून काय झालं? दरबारचे आहेत!"