दत्ताचा डावा हात

दत्ताला मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "तुझा डावा हात खाली ठेव."

त्यानं ठेवला.

तीन आठवड्यांत तो गेला. आज वर्ष झालं.

तरुणपणी नांदेडात आमचा ऑर्केस्ट्रा होता. लग्न, गणपती, गॅदरिंग, बोलावलं की हजर. दत्ता कीबोर्डवर, मी बास गिटारवर. पुढं मला लातूरला मास्तरकी लागली आणि गिटार कपाटावर गेली.

बासवाला नसला की कीबोर्डवाला डाव्या हातानं बास, म्हणजे गाण्याखालचे खर्जातले सूर, वाजवतो. दत्तानं माझ्यामागं कितीतरी वर्षं तेच केलं.

रिटायर झालो तसा त्याचा फोन.

"मास्तर, आता कुणाचे पेपर तपासून राहिलास? ये की रविवारी."

"बोटं वळत नाहीत रे."

"न वळायला काय झालं? तू ये तर."

अठ्ठावन्नाव्या वर्षी बोटांना पुन्हा फोड आले. दर रविवारी एसटीनं नांदेड. बायको म्हणायची, "शाळेत इतक्या वेळेवर कधी गेला नाहीत!"

लई खूश होतो मी. एकच खटकायचं. मी वाजवताना दत्ताचा डावा हात मध्येच माझ्या बासवर यायचा. वाटलं, ह्याचा माझ्यावर भरवसाच नाही.

भोकरच्या कार्यक्रमाआधी रिहर्सलमध्ये भडकलो. "मी आलोय ना आता? मग तुझा डावा हात खाली ठेव."



दत्ता एवढंच म्हणाला, "बरं. वाजव तू."

भोकरला त्याचा डावा हात मांडीवर. तिसऱ्या गाण्यात अंतऱ्यानंतर माझी बोटं अडकली आणि गाणं एकदम पोकळ झालं. गायिकेनं मागं वळून पाहिलं. मी दत्ताकडे पाहिलं.

हात मांडीवरच.

परतताना उलट मीच त्याला बोललो. "उचलता आला नाही का हात?"

"तूच म्हणलास नं, खाली ठेव म्हणून."

एवढा घोडा झालो तरी मी रुसलो. दोन रविवार गेलोच नाही. दुसऱ्या रविवारी त्याचा फोन आला. मी तो वाजू दिला.

गुरुवारी हार्ट अटॅक.

नंतर ग्रुपवरची रिहर्सलची रेकॉर्डिंग्ज हेडफोन लावून ऐकली.

जिथं माझं बोट घसरलंय, तिथं दत्ताचा डावा हात आहे. जिथं मी बरोबर आहे, तिथं तो गप्प आहे. एकदाही उगीच आडवा आलेला नाही.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी. स्वतःच्या ऐकूच आल्या नाहीत.

वर्षभर गिटारला हात लावला नाही. गेल्या रविवारी गेलो. तीच खोली, तीच माणसं. दत्ताच्या जागी आता एक मॅडम असतात. त्यांनी बिचकतच विचारलं, "सर, डाव्या हातानं मी बास धरू का?"

सगळे माझ्याकडं बघून राहिले.

म्हटलं, "धरा. मी चुकतो. चुकलो की सावरून घ्या."

एवढंच तर म्हणायचं होतं, दत्ता. तुला म्हणालो नाही.

आज संध्याकाळी तुझ्या नावानं वाजवतोय. चुकणार आहेच.

माफ कर बे. राम राम.